जुन्या मोबाइलमधल्या चिपचं पुढे काय होतं?

घरातला बंद पडलेला मोबाइल एकतर कपाटात पडून राहतो, नाहीतर दारावरच्या भंगारवाल्याकडे जातो. त्यातल्या चिपचं पुढे काय होतं, ते आज बघू.

चिप बनते सिलिकॉनची. गारगोटीपासून सिलिकॉन काढतात, अतिशुद्ध करतात आणि त्याच्या पातळ चकत्या कापतात. या चकत्या म्हणजे वेफर. वेफरवर सूक्ष्म नक्षी उमटवायला शेकडो टप्पे लागतात आणि मधेमधे ते अतिशुद्ध पाण्याने धुवावे लागतात. म्हणून मोठे कारखाने धुण्याचं बरंचसं पाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात. यंत्रं तपासायला लागणारे वेफरही घासून, पॉलिश करून परत कामाला येतात.

तयार चिपचं मात्र तसं नाही. जुन्या साडीची गोधडी होते, पण जुन्या चिपची नवी चिप होत नाही. परत मिळतं ते सर्किट बोर्डमधलं सोनं, चांदी, तांबं. टोकियो ऑलिंपिकसाठी जपानने सुमारे ६२ लाख जुने मोबाइल आणि इतर उपकरणं गोळा केली. त्यातून ३२ किलो सोनं निघालं. जवळपास ५,००० पदकं याच धातूंची झाली.

म्हणून गटाच्या बैठकीत आम्ही क्रम सांगतो: आधी दुरुस्ती, मग दुसऱ्या कुणाला वापरायला आणि अगदीच निकामी झाल्यावर पुनर्चक्रण. फोनसाठी लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्च होतो. तोच फोन दोन वर्षं जास्त चालला, तर तेवढी बचत होते.

२०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला. त्यातला पाव हिस्साही रीतसर गोळा झाला नाही. उरलेल्यापैकी बराच उघड्यावर जाळला जातो, आम्लात बुडवला जातो. त्यातलं शिसं गरोदर बाईला आणि लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं. तेव्हा बोर्ड फोडायचं, वायरी जाळायचं काम कुणी घरबसल्या देऊ केलं, तर चार पैशांसाठी घेऊ नका. गटाला यात काम करायचंच असेल, तर घरोघरचा ई-कचरा गोळा करून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोचवण्याचं करा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, जुन्या वस्तूंचं रीतसर पुनर्चक्रण करवून घेण्याची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे.

फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोटो-हिशेब पुसा. फुगलेली बॅटरी टोचू नका, वेगळी ठेवा आणि केंद्रावर तसं सांगून द्या.