बिबट्याला त्याच्या घरी पोचवताना

ऊसतोडीच्या हंगामात जुन्नर तालुक्यात एक फोन हमखास येतो. फडाच्या कडेने सुरू झालेला कोयता मधोमध पोचतो, पाचटाखाली काहीतरी वळवळतं आणि तोडणीवाले कोयते टाकून बांधावर येतात. पाचटात दोन-तीन बछडे असतात, कधी अजून डोळेही न उघडलेले. आई फार लांब नसते, पण दिवसाउजेडी माणसांच्या गलक्यात ती पुढे येत नाही. शेतमालक वनरक्षकाला फोन लावतो आणि वनरक्षक माणिकडोहला.

माणिकडोह हे कुकडी नदीवरच्या धरणाचं नाव. जुन्नर शहराजवळच्या या धरण परिसरात महाराष्ट्र वनखात्याचं बिबट निवारा केंद्र आहे. 2007 पासून 'वाइल्डलाइफ एसओएस' ही स्वयंसेवी संस्था वनखात्याच्या जोडीने तिथे काम करू लागली. कार्तिक सत्यनारायण आणि गीता शेषमणी यांनी 1995 मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचं नाव देशभर झालं ते अस्वलांमुळे. नाकात वेसण घालून गावोगाव नाचवली जाणारी अस्वलं सोडवायची आणि ती नाचवणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार मिळवून द्यायचा, हे काम तिने वर्षानुवर्षं केलं. तिथे प्रश्न सरळ होता. वेसण काढलेल्या अस्वलाला जागा दिली की त्याची सुटका झाली. बिबट्याच्या बाबतीत मात्र सुटका म्हणजे नेमकं काय, हेच जुन्नरला फार मोठी किंमत मोजून शिकावं लागलं.

बछड्यांपासूनच सुरुवात करू, कारण या केंद्राचं सगळ्यात चांगलं काम तेच आहे.

फोन आला की पशुवैद्य आणि रेस्क्यू टीम शेतावर पोचते. बछडे नर की मादी, वजन किती, वय साधारण किती आठवड्यांचं, अंगावर गोचीड आहेत का, अंगातलं पाणी कमी झालंय का, हे सगळं तपासलं जातं. गरज असेल तर सलाइन देतात. मग कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवतात. पुढे कधी हा बिबट्या पिंजऱ्यात सापडला, विहिरीत पडला किंवा हमरस्त्यावर गाडीखाली आला, तर चिपच्या क्रमांकावरून त्याची ओळख पटते. हे सारं लवकर आटोपावं लागतं, कारण पिल्लांना दूध हवं असतं आणि दिवस मावळायच्या आत ती जागेवर परत जायला हवीत.

जागेवर म्हणजे जिथे सापडली नेमक्या तिथेच. शेजारच्या फडात नाही आणि वनखात्याच्या हद्दीतल्या झाडीत तर नाहीच. आई शोधत येणार ती तिने पिल्लं ठेवली होती तिथे. संध्याकाळी बछडे प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. उघड्यावर सोडले तर ते रांगत भरकटतील, कुत्र्यांच्या तोंडी सापडतील. आसपास कॅमेरा ट्रॅप लावले जातात, गर्दी पांगवली जाते आणि टीम लांब जाऊन थांबते. अंधार पडल्यावर मादी येते. आधी ती लांबूनच अंदाज घेते, मग क्रेटला पंजा लावते, तो कलंडवते. एका पिल्लाला मानेला धरून उसात शिरते आणि दुसऱ्यासाठी परत येते. कधी पहिल्या रात्री ती फिरकत नाही. मग दुसऱ्या संध्याकाळी तोच क्रेट त्याच जागी जातो. जुन्नर परिसरात अशा रीतीने 100 हून अधिक बछडे आईकडे परत गेले आहेत.

या एका रात्रीवर किती अवलंबून असतं ते पाहण्यासारखं आहे. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतं. कुठे दबा धरायचा, कुणाला टाळायचं, माणसांच्या वस्तीतून त्यांच्या नजरेला न पडता कसं निघून जायचं, हे सारं ते तिच्याकडून शिकतं. बाटलीच्या दुधावर वाढलेल्या पिल्लाला यातलं काही येत नाही, शिवाय माणसाची भीती उरत नाही. असा बिबट्या पुढे कधीच मोकळा सोडता येत नाही. पिंजऱ्यात बिबट्या वीस वर्षंही जगतो. म्हणजे ती रात्र हुकली तर त्या जिवाच्या वाट्याला वीस वर्षांचे गज येतात. गावासाठीही ती रात्र तितकीच मोलाची, कारण पिल्लं हरवलेली मादी त्याच शिवारात घुटमळत राहते आणि त्याच शिवारात दुसऱ्या दिवशी माणसं कामाला येणार असतात.

इथे ऊसतोड कामगारांबद्दल बोलायलाच हवं. बीड, अहिल्यानगरकडून आलेली ही माणसं मुकादमाकडून उचल घेऊन येतात. त्यांची मजुरी टनावर ठरते. तोड थांबली की कमाई थांबते. त्यांच्या कोप्या उसाच्याच कडेला असतात आणि लेकरं त्या कोप्यांत झोपतात. तरीही बछडे दिसल्यावर ती माणसं कोयता थांबवतात. बछड्यांच्या भेटीच्या या सगळ्या गोष्टीत सर्वांत मोठा वाटा त्यांचा आहे आणि तो मोजला मात्र सर्वांत कमी जातो.

बिबट्या उसात आला कसा, याचं उत्तर पाण्यात आहे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या कोरडवाहू शिवारांचं रूप पालटलं. बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्षापर्यंत रानात असतो. तो दाट आणि गार असतो, त्याच्या बुडाशी पाणी असतं आणि महिनोन् महिने आत माणूस फिरकत नाही. मादीला पिल्लं घालायला याहून सुरक्षित जागा कुठली? खायला वस्तीवरची कुत्री, मांजरं, शेळ्या आहेतच. आज इथे असे बिबटे आहेत, ज्यांच्या आईनेही उसातच जन्म घेतला. 'त्यांना जंगलात नेऊन सोडा' ही मागणी ऐकायला रास्त वाटते, पण या बिबट्यांनी जंगल पाहिलेलंच नाही.

शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला, तेव्हा शेतं आणि वस्त्यांच्या त्या मुलखात दर 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. त्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून खाण्याचाही हिशेब निघाला. भक्ष्याच्या एकूण वजनापैकी 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. शेळ्यांचा वाटा 11 टक्क्यांच्या आसपासच होता. गावाबाहेर उकिरडे वाढले की कुत्री वाढतात आणि कुत्री वाढली की बिबट्याचं बस्तान बसतं. कचरा उचलणं हासुद्धा बिबट्याचाच प्रश्न आहे, हे ग्रामपंचायतींच्या अजून नीट पचनी पडलेलं नाही.

2001 ते 2003 या काळात जुन्नरमध्ये माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. लोक संतापले आणि ते स्वाभाविक होतं. वनखात्याने पिंजरे लावले. बिबटे धडाधड सापडत गेले, शंभराहून जास्त. त्यांतले बरेच भीमाशंकर, माळशेजकडच्या जंगलांत नेऊन सोडले, काही तर पार जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात. त्या काळी सगळ्यांनाच हा उपाय शहाणपणाचा वाटला. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या नोंदी नंतर तपासल्या आणि 2011 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. बिबटे हलवण्याचा कार्यक्रम सुरू होण्याआधी वर्षाला सरासरी चार हल्ले होत, सुरू झाल्यावर ते 17 वर गेले. हल्ल्यांत माणूस दगावण्याचं प्रमाण 18 टक्क्यांवरून 36 टक्क्यांवर, म्हणजे दुपटीवर पोचलं.

कारण कळायला अवघड नाही. बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो. त्याला पकडून, पिंजऱ्यात घालून, शेकडो माणसांच्या आरडाओरड्यातून अनोळखी जागी सोडलं की तो बिथरतो. नव्या जागी आधीचे बिबटे असतात, ते त्याला टिकू देत नाहीत. मग तो परतीची वाट धरतो आणि वाटेतल्या गावांना त्याची सवय नसते, त्याला त्या गावांची. इकडे रिकाम्या झालेल्या शिवारात दुसरे, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबटे शिरतात. 2011 मध्येच केंद्र सरकारने बिबट्यांबाबतच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीला लगाम घातला. जुन्नरने भोगलं त्याचं फळ सगळ्या देशाला मिळालं.

परतीच्या ओढीचा सर्वांत प्रसिद्ध दाखला मराठी वाचकांच्या ओळखीचा आहे. 2009 मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक वयस्क नर विहिरीत पडला. त्याच्या शांत स्वभावामुळे अत्रेय यांच्या गटाने त्याला 'आजोबा' म्हटलं, गळ्यात जीपीएस कॉलर घातली आणि माळशेज घाटात सोडलं. महिन्याभरात आजोबा सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने हमरस्ते ओलांडले, रेल्वेमार्ग ओलांडला, वस्त्यांच्या कडेने गेला आणि कुणाला ओरखडाही काढला नाही. 2011 च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. ओळख पटली ती चिपमुळे. सुजय डहाके यांनी 2014 मध्ये त्याच्यावर 'आजोबा' हा चित्रपट केला, त्यात ऊर्मिला मातोंडकर यांची भूमिका होती.

आजोबा पडला तशा विहिरी या भागात पावलोपावली आहेत, कठडा नसलेल्या, जमिनीला समतल. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या सरळ आत जातो. सकाळी मोटर चालू करायला आलेल्या शेतकऱ्याला गुरगुर ऐकू येते. रेस्क्यू टीम येईपर्यंत तो पोहून थकू नये म्हणून गावकरी दोरांनी बाज खाली सोडतात, तो तिच्यावर चढून बसतो. मग पिंजरा उतरवायचा किंवा शिडी लावून त्याला आपल्या पायांनी निघून जाऊ द्यायचं. दुसरा मार्ग सर्वांत चांगला, पण त्यासाठी विहिरीभोवतीची गर्दी हटायला हवी. या कामातला खरा त्रास तोच आहे. शे-दोनशे मोबाइल वर धरलेले, मुलं झाडांवर चढलेली आणि मधल्या गोंधळात जीव वाचवू पाहणारं एक घाबरलेलं जनावर. विहिरीतून निघालेल्या बिबट्याच्या पंजाने जखमी होणारा माणूस बहुतेक वेळा त्या गर्दीतलाच असतो.

जे परत जाऊ शकत नाहीत, ते माणिकडोहमध्ये राहतात. कुणाची दृष्टी गेलेली, कुणाचा पाय फासक्यात अडकून निकामी झालेला, कुणी आईपासून कायमचा तुटलेला, तर कुणी माणसांवरच्या हल्ल्यांनंतर जन्मठेपेवर आलेला. बरीच वर्षं ही संख्या चाळीस-पन्नासच्या घरात होती. त्यांचं खाणं, औषधं, कंटाळून एकाच रेषेत येरझारा घालू नयेत म्हणून ओंडके, मचाणं हे सगळं केंद्राला जन्मभर पाहावं लागतं. कुत्र्या-मांजरांच्या निवाऱ्यात दत्तक घेणारं कुणीतरी येतं आणि एक पिंजरा मोकळा होतो. इथे तसं होत नाही. आत आलेला बिबट्या क्वचितच बाहेर जातो. त्यामुळे प्रत्येक नव्या मागणीबरोबर, 'पिंजरा लावा, घेऊन जा' या प्रत्येक हाकेबरोबर, केंद्राची जागा संपत जाते.

ती हाक मात्र कुणीही हलक्यात घेऊ नये. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले: एक चिमुरडी, एक वृद्धा आणि 13 वर्षांचा एक मुलगा. लोकांनी वनखात्याची गाडी पेटवली, पुणे-नाशिक महामार्ग रोखला. अखेर बिबट्याला गोळी घालण्यात आली. त्यानंतर पकडलेले बिबटे राज्याबाहेर पाठवण्याचे आणि बिबट्यांच्या नसबंदीचे प्रस्ताव पुढे आले. माणूस दगावला तर सरकार 25 लाख रुपये देतं, पण पोर गमावलेल्या घराला पंचवीस लाखांचं काय करायचं? प्राणिप्रेमाच्या नावाखाली या दुःखाकडे पाठ फिरवणाऱ्यांना जुन्नर-शिरूरच्या माणसांना सहजीवनाचे धडे देण्याचा अधिकार नाही.

माणसं मारणारा बिबट्या हटवलाच पाहिजे, यात वाद नाही. पण दिसेल तो बिबट्या पकडत सुटणं म्हणजे 2001 चीच वाट पुन्हा धरणं होय. पिंजऱ्यांवर जेवढा भर दिला जातो, तेवढा दिवसा वीज देण्यावर दिला तर रात्री-अपरात्री दारं धरायला, मोटर लावायला शेतकऱ्याला उसात शिरावं लागणार नाही. शिरूर-जुन्नरचे शेतकरी ही मागणी वर्षानुवर्षं करत आहेत. त्याबरोबर विहिरींना कठडे, गोठ्यांना बंदिस्त जाळ्या, वस्तीवर उजेड आणि घराजवळ शौचालय हवं. ऊसतोड कामगारांच्या आणि मेंढपाळांच्या लेकरांना रात्री उघड्यावर झोपावं लागू नये, ही सोय साखर कारखान्यांनी आणि सरकारने मिळून करायची आहे. माणिकडोहचे पशुवैद्य रात्रभर जागून बछडे आईला भेटवतील, पण हे काम त्यांच्या हातचं नाही.

गाळप हंगाम सुरू झाला की फडाफडांतून पुन्हा पिल्लं सापडू लागतील. तुमच्या शिवारात सापडली तर तिथली तोड थांबवा. त्यांना हात लावू नका, घरी नेऊ नका, मांडीवर घेऊन फोटो काढू नका. आई जवळच आहे हे धरून चाला, लहान मुलांना आणि गर्दीला लांब न्या आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.