भिंतीवरचं गणित आणि मालेविच मास्तर

रशियन गणितज्ञ सोफिया कोवालेव्स्काया हे नाव निघालं की भिंतीची गोष्ट निघतेच. वडील जनरल वासिली कोर्विन-क्रुकोव्स्की १८५८ मध्ये तोफखान्यातून निवृत्त झाले आणि व्हिटेब्स्क प्रांतातल्या पालिबिनोच्या जहागिरीवर राहायला आले. घर नव्यानं सजवताना मुलांच्या एका खोलीपुरता भिंतीचा कागद कमी पडला. म्हणून तिथे वडिलांच्या तरुणपणीचे जुने कागद चिकटवले गेले. ती निघाली गणितज्ञ ओस्ट्रोग्राडस्की यांची कलनशास्त्रावरची व्याख्यानं! सोन्या, म्हणजे छोटी सोफिया, त्या भिंतीपुढे तासन् तास उभी राही. कळत काहीच नसे, पण सूत्रं डोळ्यांत बसली. पुढे पीटर्सबर्गमध्ये स्ट्रान्नोल्युब्स्की कलन शिकवू लागले, तेव्हा तिची समज पाहून त्यांनाच नवल वाटलं.

गोष्ट गोड आहे आणि ती खुद्द सोफियानंच लिहून ठेवली आहे. तरी तिला जरा जास्तच भाव मिळतो, असं मला वाटतं.

जनरलच्या मुलीला शाळा नव्हती आणि रशियातल्या विद्यापीठांची दारं बायकांना बंद होती. घरी मिस स्मिथ नावाच्या इंग्रज बाई होत्या. त्यांना शिस्त हवी, कविता नको. सोन्या दिवाणखान्यात चेंडू खेळण्याचं निमित्त करी आणि तिथल्या मासिकांत डोकं खुपसून घेई. पण रोजचा अभ्यास घेत ते योसिफ मालेविच. १८५८ पासून जवळजवळ दहा वर्षं या मास्तरांनी तिचं अंकगणित, भूमिती, बीजगणित पक्कं करून घेतलं. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं गुणोत्तर तिनं स्वतःच्याच रीतीनं काढून दाखवलं. मास्तरांनी शिकवलेल्या रीतीचा आग्रह धरला, तर तिला रडू कोसळलं.

शिकलेल्या बायका वडिलांना खपत नसत. मध्यंतरी त्यांनी गणित बंदच करायला लावलं. मग बोर्दोंचं बीजगणित रात्री, घर झोपल्यावर वाचायचं. शेजारचे प्राध्यापक तिर्तोव यांनी आपलं भौतिकशास्त्राचं पुस्तक भेट दिलं. त्यात त्रिकोणमिती आडवी आली. ती कुणी शिकवली नव्हती. सोन्यानं ‘साइन’चा अर्थ जीवेवरून स्वतःच लावला. तिर्तोव इतके चकित झाले की तिला नवा पास्कल म्हणू लागले आणि तिला पुढे शिकवा म्हणून त्यांनी जनरलची मनधरणी केली. वडील अखेर नमले, पण परदेशी शिकायला जाण्यासाठी तिला १८६८ मध्ये व्लादिमिर कोवालेव्स्कीशी नावापुरतं लग्न करावंच लागलं. १८७४ मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठानं तिला डॉक्टरेट दिली.

बालपणाच्या आठवणी तिनं पुस्तकरूपानं छापल्या, त्यानंतर १८९० मध्ये म्हाताऱ्या मालेविच यांनीही ‘रुस्काया स्तारिना’ मासिकात आपल्या आठवणी लिहिल्या. सोफियाच्या शिक्षणाचा हिशेब मांडताना भिंतीच्या आधी नाव यायला हवं ते या मास्तरांचं.