आवाज वाढवण्याआधी वायर बदला

अमरावती-अकोल्याकडे ऑटो इलेक्ट्रिकच्या धंद्यात आपले बरेच तरुण आहेत. गाडीत अ‍ॅम्प्लिफायर बसवण्याचे काम त्यांच्याकडे येते, म्हणून आम्ही हे लिहीत आहोत.

गाण्याच्या ठोक्याबरोबर हेडलाइट मंद होतात, मोठी बॅटरी टाका, असे गिऱ्हाईक म्हणते. पण बॅटरी ही टाकी. ती भरणारा पंप म्हणजे अल्टरनेटर. खरोखर ६०० वॅट देणारा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोरात ६०-७० अँपिअर ओढतो. लहान गाडीचा अल्टरनेटर बहुधा जेमतेम तेवढाच देतो, आणि त्यावर दिवे व एसीचा पंखाही चालवायचा असतो. (मे महिन्यात एसी बंद ठेवा, हे अकोल्यात कोणाला सांगणार?)

म्हणून आधी अल्टरनेटर ते बॅटरी, बॅटरी ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी या तीन वायरी जाड तांब्याच्या टाका. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा करा. एवढ्याने भागले नाही तर जास्त अँपिअरचा अल्टरनेटर. बॅटरीचा विचार त्यानंतर. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तेवढ्याच जाडीत जास्त तापते. ती तांब्याच्या भावात विकणे म्हणजे मापात खोट करणेच होय.

फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. तो डिकीत बसवला, तर मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडल्यावर काहीच तुटत नाही आणि गाडी पेटते. वायर सोसेल त्याहून मोठा फ्यूज कधीही टाकू नये.