औषध थांबलं, झीज थांबेना

कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनची गोळी घेणाऱ्या काहींचे पाय-खांदे दुखतात. डॉक्टर गोळी बंद करतात, दुखणं ओसरतं आणि विषय मिटतो. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मायोसायटिस केंद्रात येणाऱ्या काही रुग्णांचा विषय मात्र मिटतच नव्हता. गोळी बंद होऊन महिने उलटले, तरी जिना चढताना कठडा धरावा लागे, खुर्चीतून उठायला हातांचा टेकू लागे. स्नायू फुटले की त्यांतलं सीपीके नावाचं विकर (एन्झाइम) रक्तात उतरतं. एरवी शे-दोनशेच्या आसपास असणारं हे सीपीके यांच्या रक्तात हजारांच्या घरात जाई.

स्नायूचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर कोडं आणखी वाढे. तंतू मेलेले दिसत, पण स्नायूंच्या इतर दाहात दिसते तशी पांढऱ्या पेशींची गर्दी जवळपास नाहीच. औषधाचं विष म्हणावं, तर औषध केव्हाच शरीराबाहेर गेलेलं. आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली की यातल्या अनेकांना उतार पडे. संशयाची सुई औषधावरून शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेकडे वळली.

तिथल्याच लिसा क्रिस्टोफर-स्टाइन, अँड्र्यू मॅमेन, लिव्हिया कॅसिओला-रोझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूविकाराचे 225 रुग्ण निवडले. त्यांतल्या 38 जणांच्या स्नायूंत असे मेलेले तंतू होते. 12 जणांचं कारण ठाऊक होतं, उरले 26. पेशींमधल्या प्रथिनांना किरणोत्सारी खूण लावून त्यांत या रुग्णांच्या रक्तातला द्रव मिसळला. रक्तातली अँटिबॉडी आपल्या ओळखीचं प्रथिन धरून ठेवते. ते वजनानुसार जेलवर वेगळं करायचं आणि फिल्मवर त्याची काळी रेघ उमटू द्यायची. 26 पैकी 16 जणांच्या फिल्मवर त्याच दोन रेघा आल्या: एक 200 किलोडाल्टन वजनाची, दुसरी 100. 2010 साली हे प्रसिद्ध झालं. पण रेघेवर प्रथिनाचं नाव लिहिलेलं नसतं.

धागा रुग्णांच्या इतिहासात होता. 16 पैकी 10 जणांनी अशक्तपणा येण्याआधी स्टॅटिन घेतलं होतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी 1970च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं, ते एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर अडवणारं म्हणून. कोलेस्टेरॉल तयार होताना याच विकराची गरज लागते. त्याचं वजन सुमारे 97 किलोडाल्टन, म्हणजे 100च्या रेघेला अगदी लागून. शिवाय हे विकर अडवलं की पेशी तूट भरून काढायला तेच विकर आणखी तयार करते.

तपासायची युक्ती यातूनच सुचली. प्रयोगशाळेतल्या पेशींना आधी स्टॅटिन द्यायचं. रेघ याच विकराची हा अंदाज खरा असेल, तर दोन्ही रेघा गडद व्हायला हव्यात. त्या झाल्या! पुढच्या चाचण्यांनी शिक्कामोर्तब केलं. 100ची रेघ त्या विकराचीच होती; 200ची बहुधा त्याच्याच दोन रेणूंच्या जोडीची. औषधाचं लक्ष्य आणि अँटिबॉडीचं लक्ष्य एकच निघालं. 2011च्या शोधनिबंधात 750 रुग्णांपैकी 45 जणांत ही अँटिबॉडी आढळली. त्यांतल्या पन्नाशी गाठलेल्या 26 पैकी 24 जणांनी स्टॅटिन घेतलं होतं.

गोळी थांबूनही झीज का थांबत नाही, याचाही अंदाज त्यातून आला. स्नायूंचे नव्याने भरून येणारे तंतू हे विकर भरपूर बनवतात. म्हणजे शरीर डागडुजी करतं आणि त्या डागडुजीतच अँटिबॉडीला नवं लक्ष्य मिळत राहतं.

आजार अतिशय विरळ आहे: स्टॅटिन घेणाऱ्या लाखभर लोकांत दोन-तीन. गोळीने नुसतं अंग दुखणाऱ्यांमध्ये ही अँटिबॉडी शोधली, तर ती सहसा सापडत नाही. उलट, कधीच स्टॅटिन न घेतलेल्या काहींमध्ये ती सापडते. तेव्हा धास्तावून कुणी मनाने गोळी सोडू नये. हृदयविकार रोखण्याचं तिचं काम मोठं आहे. पण जिना जड जाऊ लागला आणि सीपीके चढलेलंच राहिलं, तर डॉक्टर आता या अँटिबॉडीची चाचणी करून घेतात. ती सापडली की स्टॅटिन कायमचं बंद होतं आणि स्टेरॉइड, मेथोट्रेक्झेट, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन असे उपचार सुरू होतात. आपोआप बरं वाटेल म्हणून वाट पाहण्यात स्नायू गमावण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.