दारातच पहारा : प्रतिपिंडांची पट्टी

मंडळी, लस शरीराला प्रतिपिंडं बनवायला शिकवते, हे आपण मागे पाहिलं. आज प्रश्न वेगळा आहे. तयार प्रतिपिंडं विषाणू शिरतो त्या जागीच, योनिमार्गात, लावली तर?

बीडमध्ये हा प्रश्न का, ते आपल्याला ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाची उचल, मग कित्येक महिने फडाशेजारी कोपीत मुक्काम. तिथं बाईनं ‘कंडोम वापरा’ म्हणायचं? म्हणजे साधन तिच्याच हातातलं हवं. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांवर सरकारनं चौकशी समिती नेमली. पिशवी काढली की दिवस राहत नाहीत, पण एचआयव्ही किंवा हर्पिस त्यानं थांबत नाही, हे इथं स्पष्ट सांगायला हवं.

प्रतिपिंड इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं असतं. दोन फांद्या विषाणूला धरतात, मग त्याला पेशीला चिकटता येत नाही. देठ तिथल्या चिकट स्रावात हलकासा अडकतो. एकट्याची पकड कच्ची. पण पुष्कळ प्रतिपिंडं बसली की विषाणू चिखलात रुतलेल्या गाडीसारखा जागीच राहतो.

१९९८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी सोयाबीनच्या रोपांत बनवलेलं प्रतिपिंड वापरून उंदरांना हर्पिसपासून वाचवलं. (होय, आपल्या शेतातलंच सोयाबीन!) पुढं तंबाखूच्या जातीच्या रोपांत एचआयव्ही आणि हर्पिसविरुद्धची प्रतिपिंडं बनवून त्यांची विरघळणारी पट्टी तयार झाली : एमबी६६. २०२१ मध्ये पहिल्या चाचणीचे निष्कर्ष आले. पट्टी सुरक्षित वाटली, आणि ती वापरलेल्या बायकांचा स्राव प्रयोगशाळेत २४ तासांपर्यंत विषाणू रोखत होता. प्रत्यक्षात संसर्ग टळतो का, हे त्या छोट्या चाचणीतून ठरत नाही. बाजारात ती नाही.

इथं घाई नको. टेनोफोव्हिर जेल हे प्रतिपिंड नव्हे, औषध. त्याच्या सुरक्षिततेच्या चाचणीत पुण्याच्या बायकाही होत्या. २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्यानं एचआयव्हीचा संसर्ग ३९ टक्क्यांनी घटवला. पुढच्या मोठ्या चाचण्यांत मात्र फायदा दिसला नाही, कारण अनेकींनी ते नेमानं वापरलंच नाही. आम्हाला वाटतं, खरी अडचण इथंच आहे. कोपीत रोज काहीतरी लपवून ठेवायचं कुठं? म्हणूनच महिनाभर आत राहणाऱ्या डॅपिव्हिरिनच्या रिंगला जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये शिफारस दिली. आता प्रतिपिंडंही अशाच रिंगमधून हळूहळू सोडता येतील का, हे पाहिलं जातंय.

तोवर कंडोम, आणि सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची मोफत तपासणी.