गुडघे टेका, माण फुललंय!

सातारा जिल्ह्यातली फुलं म्हटली की सगळ्यांच्या गाड्या कासकडे वळतात. 2012 साली जागतिक वारसा ठरलेलं ते पठार पाहावंच. पण पुढच्या खेपेला गाडी पूर्वेला, माण तालुक्यातल्या दहिवडी-म्हसवडच्या माळाकडे वळवा. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, इथं पाचशेच्या आसपास आणि त्यातला बराचसा परतीचा. म्हणून माणचा खरा बहर भादवा-आश्विनात!

तेव्हा आधी दिसतो तो तरवड. नवरात्रात घटावर याच पिवळ्या फुलांची माळ चढते. फुलात मधाचा थेंब नसतो. भुंगा येतो तो परागासाठी, आणि परागकोशाला टोकाशी बारीकसं छिद्र. मग तो फुलाला बिलगून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा कुठे पराग बाहेर उडतात. फोटो काढताना कानही तिकडे ठेवा, गुणगुण अचानक चढते.

सगळ्यात भारी केना! निळं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. पण त्याची आणखी काही फुलं जमिनीखाली असतात. ती उमलतच नाहीत, मिटल्या मिटल्याच बी धरतात. वरचा पाला गुरांनी खाल्ला तरी वंश शाबूत.

ज्वारीतला टारफुला नाजूक, देखणा आणि शेतकऱ्याचा वैरी. ज्वारीच्या मुळातून पाझरणारी रसायनं पोचल्याशिवाय त्याचं बी रुजत नाही, तोवर मातीत वर्षानुवर्षं पडून राहतं. रुजलं की थेट मुळात शिरून रस ओढतं.

बांधावरच्या झुडपात कळलावी दिसली तर त्याच फुलाचा रोज एक फोटो घ्या. हिरवट-पिवळ्या पाकळ्या केशरी होत शेवटी लालभडक होतात. हात मात्र लांब ठेवा, तिचा कंद जहरी असतो.

एकदांडी आणि गाजरगवतही जागोजागी फुललेलं दिसेल. ते अमेरिकेकडचे पाहुणे, इथले नव्हेत.

फोटोला सकाळच गाठा. उन्हं चढली की फुलं मिटतात, वाराही सुटतो. मोबाइल फुलाच्या उंचीवर आणायचा तर पोटावर झोपावं लागतं, आधी तिथले सराटे बघून घ्या. फूल तोडू नका. नुसतं फूलही टिपू नका. पान, खोड, शेंग आणि अख्खं झाड असे चार फोटो असले, तर ‘आयनॅचरलिस्ट’ अ‍ॅपवर टाकल्यावर जाणकारांना नाव सांगणं सोपं जातं.