हॅनिबॉलचे हत्ती आमच्या बेसमेंटमध्ये

बेसमेंटमधून हत्तींचे चीत्कार ऐकू येऊ लागले की वरची पानं थंड होणार, हे आमच्याकडे ठरलेलं. चिरंजीव 'रोम: टोटल वॉर' खेळत असतात. हा खेळ २००४ सालचा. २०२१ मध्ये नव्या रंगरूपात आला आणि आमच्या घरात शिरला.

"कसला वेळ घालवतोस!" असं आम्ही दोघांनीही यथेच्छ म्हणून घेतलं. मग शाळेतून निबंध परत आला. त्यात इ. स. पू. २७० मधलं इजिप्तचं सैन्य रथांतून लढत होतं आणि बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली होती. "पण गेममध्ये तसंच आहे!" इति चिरंजीव.

चूक खेळाचीच. त्या काळी इजिप्तवर टॉलेमी घराण्याचं राज्य होतं, म्हणजे अलेक्झांडरच्या एका सरदाराचे वंशज. त्यांची फौज मॅसिडोनियन थाटाची, लांबलचक भाल्यांची. खेळातला इजिप्त त्याहून हजारएक वर्षं जुना! मावळ्यांच्या हाती सातवाहनांच्या काळातली शस्त्रं द्यावीत, तसला प्रकार. (२०१३ च्या 'रोम २' मध्ये टॉलेमींचा इजिप्त आला.)

आता खरं काय ते बघू या, म्हणून आम्ही लायब्ररीतून पॉलिबियसचं इंग्रजी भाषांतर आणलं. दोष काढायला बसलो, आणि थक्क झालो. पुढे तरुण हस्ताती, मागे प्रिंकिपेस, शेवटी भालेवाले जुने-जाणते ट्रायारी, ही रोमन रचना खेळात बरीचशी बरोबर आहे. पॉलिबियसच्या हिशेबात पहिल्या दोन ओळी १२०० - १२०० च्या, ट्रायारी फक्त ६००. खेळातले शिपाईही मरेपर्यंत लढत नाहीत. पाठीमागून घोडदळ आलं की धीर सोडून पळतात. हे आम्हाला चिलखतांच्या चित्रांपेक्षा जास्त खरं वाटलं.

जे जमलेलं नाही ते निराळंच. खेळणारा आभाळातून सगळं रणांगण बघतो आणि हुकूम क्षणात पोचतो. इ. स. पू. २१६ मध्ये कॅनीला रोमनांचे दोन कॉन्सल होते, पाउलस आणि व्हॅरो. एक दिवस एकाची आज्ञा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याची! दोघांचं पटत नव्हतं. असा खेळ कोण विकत घेणार?

खेळात पिसाळलेला हत्ती मारून टाकायचं एक बटण आहे. आम्हाला ते उगाच क्रूर वाटलं होतं. पण लिव्ही सांगतो, इ. स. पू. २०७ मध्ये मेटॉरसच्या लढाईत माहुतांजवळ छिन्नी आणि हातोडा असे. आवरेना झालेल्या हत्तीच्या मानेत ते छिन्नी ठोकत.

आणि ह्या माहुतांना पॉलिबियस काय म्हणतो? 'इंडॉई', म्हणजे हिंदी! माहुतीची विद्या आपल्याकडून तिकडे गेली, म्हणून ते नाव चिकटलं असावं, असं आमचं मत. इ. स. पू. २१८ मध्ये ऱ्होन नदी ओलांडताना काही हत्ती तराफ्यांवरून बिथरून पाण्यात पडले. सोंडा वर काढून ते पार झाले. त्यांचे माहूत बुडाले.

हे वाचून दाखवलं तेव्हा चिरंजीवांनी खेळ थांबवला.

"बाबा, त्यांची नावं दिली आहेत का?"

"नाही रे."

एका हत्तीचं नाव मात्र कॅटोने लिहून ठेवलं होतं, असं प्लिनी सांगतो. सुरुस. त्याचा एक सुळा तुटलेला होता.